पाळणा योजना: छप्पर मिळालं, हात कमी पडले

गावातली अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना दिवसातले काही तास बसवून घेते. तीन वर्षांखालच्यांसाठी घरी न्यायचा आहार मिळतो, पण सांभाळायला कुणी मिळत नाही. खुरपणीला किंवा कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला खरा घोर असतो तो याच पोरांचा. मग चौथीतल्या थोरल्या बहिणीची शाळा बुडते, नाहीतर लेकरू बांधावरच्या झोळीत. 2022 पासून मिशन शक्ती या महिलांसाठीच्या कार्यक्रमाखाली सुरू झालेली केंद्राची पाळणा योजना नेमकी यासाठी आहे. चालू अंगणवाडीला पाळणाघर जोडायचं, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं घ्यायची, महिन्याचे 26 दिवस, रोज साडेसात तास. देशात अशी 17,000 केंद्रं करायचं उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यात खर्चाचा 60 टक्के वाटा केंद्राचा, 40 टक्के राज्याचा.

आधी चांगलं काय ते. जुन्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत केंद्र चालवणाऱ्या संस्थेला 10 टक्के पैसे स्वतः उभे करावे लागत, जागाही तिनेच शोधायची. सेविकेला महिना 3,000 आणि मदतनीसला 1,500. अनुदानाचा हप्ता लांबला की भाडं थकायचं आणि केंद्राला कुलूप. आता इमारत, वजनकाटा, लसीकरणाचा दिवस, गरम आहार हे सगळं अंगणवाडीत आधीपासून आहे. पाळणाघरासाठी वेगळी चूल मांडावी लागत नाही. कागदावरचा हा सर्वात शहाणा निर्णय.

गाडी अडते माणसांवर. निकष असा: 25 मुलांमागे एक पाळणा सेविका आणि एक मदतनीस. मुलं चार वर्षांची असतील तर निभतं. पण त्यातली दहा जण दीड वर्षाच्या आतली धरा. अशा एका मुलाला वाटीभर मऊ खिचडी भरवायला 15 ते 20 मिनिटं लागतात. दहा मुलांची एक फेरी म्हणजे अडीच-तीन तास. दोघी भरवायला बसल्या तरी दीड तास गेला, आणि तेवढा वेळ उरलेल्या पंधरांकडे बघायला कुणी नाही. त्यात लंगोट बदलणं, झोपवणं आलंच. मग होतं काय, तर लहानग्यांना नावापुरतं नोंदवलं जातं आणि प्रत्यक्षात तीन वर्षांवरचीच पोरं बसलेली दिसतात, म्हणजे ज्यांना जागा आधीच होती ती. संख्येची अट वयानुसार लावली नाही तर हे चुकणार नाही.

मानधनाचं गणित त्याहून वाईट. केंद्राच्या निकषात अंगणवाडीशी जोडलेल्या पाळणाघरात सेविकेला महिना 5,500 आणि मदतनीसला 3,000. शिवाय मूळच्या अंगणवाडी सेविकेला 1,500 आणि तिच्या मदतनीसला 750 रुपये भत्ता. 5,500 ला 26 ने भागा: दिवसाला 211 रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीचा 2025-26 चा दर 312 रुपये होता. बारावी झालेली बाई मातीकामापेक्षा शंभर रुपये कमी घेऊन 25 पोरं सांभाळेल, ही अपेक्षा कुणी केली कोण जाणे. ती येते, चार-सहा महिने काढते, दुसरं काही मिळालं की जाते. नवी बाई दिसली की वर्षाचं मूल आठवडाभर रडतं, आई पुन्हा घरी बसते.

वेळेचंही तसंच. साडेनऊला दार उघडलं तर पाचला बंद. मजुरीचा दिवस त्याच्या आधी सुरू होतो आणि वाट धरून गावात पोचेपर्यंत सहा वाजतात. वेचणी-काढणीच्या हंगामात तासभर आधी उघडायचं, तर तिसरी बाई अर्ध्या दिवसासाठी हवी. तिचे पैसे कुठून?

इथे ग्रामपंचायतीला हात घालता येतो. महिला व बालकल्याणासाठी स्वउत्पन्नातून 10 टक्के ठेवायचे असतात. तीन लाख स्वउत्पन्न असलेल्या पंचायतीकडे वर्षाला 30,000, म्हणजे महिना 2,500. एवढ्यात अर्ध्या दिवसाची बाई जेमतेम उभी राहते. छोट्या पंचायतीला तेही झेपत नाही, हे खरं. तरी हा पैसा बहुतेकदा मार्चअखेरीला शिलाई मशिनांवर उडतो. ग्रामसभेत हा विषय मार्चमध्ये काढून उपयोग नाही. पंचायतीचा वर्षाचा आराखडा तयार होतानाच तो लिहून घ्यायचा.

कर्नाटकाने वेगळी वाट घेतली. तिथल्या ‘कूसिन मने’ पाळणाघरांत सांभाळणाऱ्या बायका रोजगार हमीच्या जॉबकार्डवरच्या, मजुरीही तिथूनच. त्यामुळे दर बरा मिळतो. पण तिचे ठरलेले दिवस भरले की पाळी दुसरीची, आणि लहान मुलाला सांभाळणारं माणूस बदलणं सगळ्यात जड जातं. छत्तीसगडमध्ये गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या फुलवाऱ्या, म्हणजे छोटी पाळणाघरं, मात्र पाड्यातच, थोड्या मुलांसाठी, तिथल्याच बाईच्या हाती आहेत. विखुरलेल्या वस्तीला हाच आकार बसतो. सात-आठ पोरांच्या पाड्याला 25 चं केंद्र कधीच मिळणार नाही. आणि दोन किलोमीटरवरच्या केंद्रात अंगावर पिणारं मूल ठेवून दुपारी पाजायला कोण येईल? घर किंवा शेत पायी पंधरा मिनिटांच्या आत असेल तरच ते जमतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना तर योजनेचा फायदा अर्धाच. दिवाळीनंतर मूल आईबापाबरोबर फडावर जातं, त्याचं नाव आणि जागा गावातच राहते. कारखान्याच्या तळावर हंगामापुरतं पाळणाघर मंजूर होईल अशी सोय जोवर नाही, तोवर बीडच्या गावातलं केंद्र मार्चपर्यंत निम्मं रिकामं दिसणारच. त्यावरून ‘गरज नाही’ असा शेरा मारू नये.

मुलाचं नाव घालण्याआधी दुपारी बाराला केंद्रात अचानक जाऊन बघा. झोपायला सतरंजीवर गाद्या आहेत का, चुलीची खोली दाराने बंद होते का, पाण्याची टाकी झाकलेली आहे का, संडासाचं भांडं लहान मुलाच्या मापाचं आहे का. वजनाच्या नोंदवहीत सहा महिने ते दोन वर्षांच्या किती मुलांची मागच्या महिन्याची नोंद आहे ते विचारा. वही दाखवायला टाळाटाळ झाली तर लेकरू ठेवू नका, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.