अंतिम वर्षाचा प्रकल्प: कंपनीचा, सरांच्या संशोधनातला की स्वतःचा?

सातवे सत्र सुरू होऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच सूचनाफलकावर सिनॉप्सिस, म्हणजे प्रकल्पाचा संक्षिप्त आराखडा, जमा करण्याची तारीख लागते आणि चार जणांच्या गटात वाद सुरू होतो. एकाच्या काकांची भोसरीतल्या कारखान्यात ओळख असते, दुसऱ्याला मशीन लर्निंगमधलेच काहीतरी करायचे असते, तिसऱ्याला गाईड सांगतील ते मान्य असते आणि चौथा कॅम्पस मुलाखतींच्या तयारीत असल्यामुळे ‘तुम्ही ठरवा, मी आहेच’ एवढे बोलून मोकळा होतो. वरवर हा वाद विषयाचा दिसतो, पण खरा प्रश्न मार्गाचा असतो. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हे मार्ग साधारण तीन आहेत: कंपनीने दिलेला स्पॉन्सर्ड प्रकल्प, मार्गदर्शक प्राध्यापकांच्या चालू संशोधनातला एखादा भाग, आणि गटाने स्वतः निवडून महाविद्यालयातच पूर्ण केलेला इन-हाऊस प्रकल्प.

तिन्हींची तुलना करताना बहुतेक जण नावाकडे पाहतात. कंपनीचे पत्र अहवालात लावता येईल का, शोधनिबंध निघेल का, प्रात्यक्षिक पाहून परीक्षक खूश होतील का, अशी ती चर्चा असते. माझ्या मते त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे: ज्या मोजमापावर या प्रकल्पाचा निष्कर्ष उभा राहणार आहे, ते मोजमाप घेणे कोणाच्या हातात आहे? तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक शेवटी ‘आधी किती होते, आता किती झाले आणि ते कसे मोजले’ इथेच येतात, आणि त्या वेळी गटाकडे स्वतः घेतलेल्या नोंदी नसतील तर उत्तम रंगवलेले मॉडेल असूनही गट निरुत्तर होतो.

वेळेचा हिशेबही आधीच मांडलेला बरा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात प्रकल्प सातव्या आणि आठव्या सत्रांत दोन टप्प्यांत विभागलेला आहे. पहिल्या टप्प्यात विषयाची निश्चिती, पूर्वीच्या कामाचा आढावा आणि आराखडा अपेक्षित असतो, तर दुसऱ्यात प्रत्यक्ष उभारणी, चाचणी आणि अहवाल. कागदावर हे पुरे वर्ष दिसते, परंतु इन-सेम (सत्राच्या मध्यात होणारी परीक्षा), दिवाळी, सत्रान्त परीक्षा, कॅम्पस मुलाखती आणि सबमिशनची धांदल वजा केली तर सलग कामाचे चार महिने मिळाले तरी पुष्कळ झाले.

कंपनीचा प्रकल्प

यांत्रिकी किंवा उत्पादन शाखेच्या विद्यार्थ्याला या मार्गात जे मिळते ते वर्गात मिळत नाही, हे आधी मान्य करायला हवे. समजा एखाद्या लघुउद्योगाला ड्रिलिंगसाठी नवे फिक्श्चर, म्हणजे भोक पाडताना नग जागेवर धरून ठेवणारे साधन, हवे आहे, कारण प्रत्येक नग लावताना कामगाराचा वेळ जातो आणि भोकाची जागा अधूनमधून चुकते. पुस्तकातला ३-२-१ चा नियम, म्हणजे तळाला तीन, बाजूला दोन आणि टोकाला एक असे सहा आधारबिंदू देऊन नग स्थिर करणे, हा परीक्षेत दोन ओळींत लिहून संपतो. शॉप फ्लोअरवर मात्र कळते की बुरा साचला की तळाचा आधार खोटा ठरतो, क्लॅम्प जास्त आवळला की पातळ नग वाकतो, आणि कामगाराला जे एका हाताने लावता येत नाही ते तो वापरत नाही. पोलादाचा आणि यंत्रकामाचा खर्च बहुधा कंपनीच उचलते. मोजमापही सरळ असते: जुन्या पद्धतीने तीस नग लावायला लागलेला वेळ, नव्या पद्धतीने तीस नगांना लागलेला वेळ, आणि दोन्हींतला नाकारलेल्या नगांचा आकडा.

अडचण अशी की हे तीस नग कंपनीचे यंत्र आणि कंपनीचा कामगार वापरूनच मोजायचे असतात. प्रकल्पाचा दुसरा टप्पा जानेवारी ते एप्रिलमध्ये येतो आणि कारखान्यासाठी तोच मार्चअखेरच्या मालपाठवणीचा काळ असतो, तेव्हा विद्यार्थ्यांच्या चाचणीसाठी यंत्र दोन तास रिकामे ठेवायला कोणताही पर्यवेक्षक सहजासहजी तयार होत नाही. पिंपरी-चिंचवड आणि भोसरी पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे रविवारी जाता येते ही सोय खरी, पण रविवारी गाईड सोबत नसतात आणि गेटपासवर सही करणारा अधिकारीही कधीकधी नसतो. गोपनीयतेच्या करारामुळे ड्रॉइंग, ग्राहकाचे नाव किंवा प्रत्यक्ष उत्पादनाचे आकडे अहवालात छापता येत नसतील, तर तोंडी परीक्षेत ‘हे सांगण्याची परवानगी नाही’ हे उत्तर एकदा चालते, चार वेळा चालत नाही. त्यावर तोडगा आहे. प्रत्यक्ष आकड्यांऐवजी टक्केवारीतली घट छापण्याची लेखी संमती ऑगस्टमध्येच मागून घ्यावी. एप्रिलमध्ये मागितली तर ती वरिष्ठांच्या टेबलावर पडून राहते.

स्पॉन्सर्ड म्हणवणाऱ्या सगळ्याच प्रकल्पांमागे खरी गरज असते असेही नाही. काही वेळा ओळखीने केवळ लेटरहेडवरचे पत्र मिळते आणि पुढे वर्षभर कंपनीतला कोणी फोन उचलत नाही. असे पत्र असण्यापेक्षा नसलेले बरे, कारण परीक्षकांची अपेक्षा त्यामुळे वाढलेली असते आणि दाखवायला काहीच नसते.

सरांच्या संशोधनातला भाग

या मार्गाचा मोठा फायदा म्हणजे गाईडला विषय मनापासून ठाऊक असतो आणि रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी नव्हे तर दर आठवड्याला विचारणा होते. उपकरणे, जुन्या गटांचे अहवाल, वाचायचे निबंध हे सारे तयार मिळते. तोटा असा की गटाला प्रश्न आयता मिळतो, आणि तो प्रश्न का पडला हे न कळताच काम सुरू होते.

संगणक आणि माहिती तंत्रज्ञान शाखांत वर्षानुवर्षे दिसणारा विषय घेऊ: पानाच्या छायाचित्रावरून पिकाचा रोग ओळखणे. यासाठी बहुतेक गट प्लँटव्हिलेज हा खुला छायाचित्रसंच वापरतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात या संचातली ५४,३०६ छायाचित्रे, १४ पिके आणि २६ रोग घेऊन ९९.३५ टक्के अचूकता मिळाल्याचे दाखवले गेले. हा आकडा अहवालांत हमखास येतो. त्याच अभ्यासाने पुढे जे नोंदवले ते मात्र फारसे कोणी उद्धृत करत नाही: वेगळ्या परिस्थितीत घेतलेल्या छायाचित्रांवर तीच पद्धत लावली तेव्हा अचूकता सुमारे ३१ टक्क्यांवर आली. कारण उघड आहे. संचातली पाने तोडून, एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली आहेत; शेतात पानावर सावली असते, मागे दुसरी पाने असतात, औषधाचे डाग असतात.

महाराष्ट्रातल्या गटासाठी याहून मोठी गोम पुढेच आहे. या संचात द्राक्षाच्या पानांचे रोग तीनच आहेत: ब्लॅक रॉट, एस्का आणि पानांवरचा एक करपा. नाशिकच्या बागायतदाराची झोप उडवणारे केवडा आणि भुरी हे द्राक्षरोग त्यात नाहीत, आणि डाळिंब तर पीक म्हणूनच नाही. म्हणजे ‘शेतकऱ्यांसाठी उपयुक्त ॲप’ असे शीर्षक देऊन जो प्रकल्प उभा राहतो, तो इथल्या शेतकऱ्याला छळणारा रोग मुळात ओळखायलाच शिकलेला नसतो. परीक्षक नाशिक किंवा सांगलीकडचे निघाले तर हा प्रश्न येणारच.

यातून मार्ग काढायचा तर स्वतःची छायाचित्रे घ्यावी लागतात, आणि तिथे पंचांग आडवे येते. ऑक्टोबर छाटणीनंतर नव्या फुटींवर ओलसर हवेत केवड्याचा जोर असतो आणि भुरी पुढे थंडीत वाढते, म्हणजे पाने टिपायचा काळ नेमका पहिल्या टप्प्याच्या सादरीकरणाचा आणि सत्रपरीक्षेचा असतो. जानेवारीत जागे झालेल्या गटाला केवड्याचे पान मिळेलच असे नाही. रोगाची ओळख तज्ज्ञाकडून पटवून घ्यायची असेल तर पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, सोलापूरला डाळिंबाचे आहे. अर्थात त्यासाठी महाविद्यालयाचे पत्र आणि भेटीची आगाऊ वेळ हवी. पाचशे छायाचित्रेच जमली आणि अचूकता सत्तर टक्क्यांवरच थांबली, तरी मी असा प्रकल्प नव्व्याण्णव टक्केवाल्याच्या वर ठेवीन, कारण त्यातला प्रत्येक आकडा गटाने स्वतः कमावलेला असतो.

शोधनिबंधाच्या मोहाविषयी एवढेच की शुल्क भरताच आठवड्याभरात छापून देणाऱ्या नियतकालिकातला निबंध पुढच्या प्रवेशासाठी फारसा उपयोगी पडत नाही. सरांच्या चांगल्या निबंधात तिसरे-चौथे सहलेखक म्हणून नाव आले तर ते अधिक मोलाचे.

स्वतः निवडलेला विषय

याला दुय्यम समजण्याची प्रथा आहे आणि ती काही अंशी विद्यार्थ्यांनीच ओढवून घेतली आहे. जमिनीतला ओलावा पाहून आपोआप पंप चालू करणारी यंत्रणा दर वर्षी प्रत्येक महाविद्यालयात एकदा तरी होते, आणि बहुतेकदा कुंडीत पाणी ओतले की दिवा लागतो एवढ्यावर संपते. विषय जुना असल्याने बिघडत नाही, मोजमाप नसल्याने बिघडते.

हाच विषय नीट केला तर किती काम निघते ते पाहा. बाजारात सर्वांत आधी हाती पडणारा दोन काड्यांचा रोधमापी सेन्सर ओल्या मातीत सतत वीज मिळत राहिल्याने गंजतो, आणि वाचन माती बदलली म्हणून बदलते की काडी झिजली म्हणून, ते सांगता येत नाही. म्हणून धारिताधारित (कपॅसिटिव्ह) सेन्सर घ्यावा लागतो. तो ईएसपी३२ या वायफाय असलेल्या नियंत्रक चिपला जोडला की लक्षात येते की वायफाय चालू असताना त्या चिपच्या दुसऱ्या एडीसी (सेन्सरचा विद्युतदाब आकड्यात बदलणारा भाग) गटातल्या पिना वाचता येत नाहीत, म्हणून पहिल्या गटातली पिनच वापरायची. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे भाग मिळतात. हे बारकावे दुकानदार सांगत नाही.

पुढचा टप्पा अंशांकनाचा, म्हणजे कॅलिब्रेशनचा. मातीचा ओला नमुना तोलायचा, १०५ अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये चोवीस तास वाळवायचा, पुन्हा तोलायचा आणि वजनातल्या फरकावरून निघालेला खरा ओलावा सेन्सरच्या वाचनासमोर मांडायचा. ओव्हन आणि तराजू स्थापत्य विभागाच्या मृदा प्रयोगशाळेत असतात. काळी माती वाळताना भेगाळते आणि सेन्सरचा मातीशी संपर्क सुटतो, म्हणून कोरड्या टोकाला वाचन फसवे येते. हा दोष स्वतः शोधून अहवालात नोंदवणारा गट तोंडी परीक्षेत परीक्षकांशी बरोबरीने बोलू शकतो, आणि या सगळ्यात कोणाच्या गेटपासची वा ऑक्टोबर छाटणीची वाट पाहावी लागत नाही.

या मार्गातला धोका शिस्तीचा आहे. मागे लागणारे कोणी नसल्यामुळे फेब्रुवारीपर्यंत खोक्यातले भाग खोक्यातच राहतात, आणि मग ‘रेडीमेड प्रोजेक्ट’ विकणाऱ्या दुकानाची पाटी दिसू लागते. तो चौथा मार्ग मी तुलनेत धरत नाही. तो पैशाने मिळतो आणि तोंडी परीक्षेत पहिल्या ‘का’ला तुटतो, शिवाय तेच मॉडेल शेजारच्या महाविद्यालयातही गेलेले असते.

हक्काचा प्रश्न

कंपनीच्या प्रकल्पात निर्मितीवरचा हक्क करारात कंपनीकडे जाणे स्वाभाविक असते, आणि संशोधनातल्या भागावर व महाविद्यालयाची साधने वापरून केलेल्या कामावर संस्थेचे धोरण लागू होऊ शकते. पेटंटचा विचार असेल तर प्रदर्शनात किंवा निबंधात सगळे उघड करण्याआधी अर्ज दाखल झालेला हवा, कारण आधीच जाहीर झालेल्या गोष्टीचे नावीन्य धोक्यात येते. केवळ संगणक प्रणाली असेल तर केवळ संगणक प्रणालीला पेटंट नाकारणारे १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३(के) आडवे येते. बहुतांश गटांना या वाटेला जावे लागत नाही, पण सही करण्यापूर्वी करार वाचावा तर लागतोच.

कोणी काय निवडावे

कारखाना तासाभराच्या अंतरावर असेल, तिथल्या एका नावानिशी माणसाने जबाबदारी घेतली असेल आणि आकडे वापरण्याची लेखी संमती पहिल्या रिव्ह्यूपूर्वी हाती येणार असेल, तर यांत्रिकीच्या गटाने कंपनीचाच प्रकल्प घ्यावा. यांतली एकही गोष्ट अर्धवट असेल तर घेऊ नये. एम.टेक.कडे किंवा परदेशातल्या उच्च शिक्षणाकडे डोळा असलेल्यांना सरांचा विषय सर्वांत लाभदायक आहे, कारण शिफारसपत्र लिहिणाऱ्याने त्यांचे काम वर्षभर पाहिलेले असते. उरलेल्यांना, आणि ते संख्येने बहुसंख्य असतात, मी मिश्र वाट सुचवीन: प्रश्न बाहेरचा घ्यावा, गावातल्या पाणीवापर संस्थेचा किंवा नात्यातल्या एखाद्या वर्कशॉपचा, पण मोजमाप महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होईल अशा बेताने तो आखावा. बाहेरचे लोक मार्चमध्ये फिरकले नाहीत तरी नोंदी आपल्याजवळ राहतात.

‘तुम्ही ठरवा’ म्हणणाऱ्या चौथ्याचा विचार मात्र आजच करावा. तो जानेवारीपासून इंटर्नशिपला दुसऱ्या शहरात जाणार असेल, तर शॉप फ्लोअरवर चौघांची हजेरी गृहीत धरणारा प्रकल्प पहिल्याच महिन्यात तिघांचा होतो. त्याच्याकडे नोंदींचे विश्लेषण, आलेख आणि अहवालाचा मसुदा असे लांबून होण्याजोगे काम सिनॉप्सिसमध्येच नावानिशी लिहून द्यावे आणि लॉगबुकात दर आठवड्याला त्याची सही घ्यावी. प्रश्न प्रत्येकाला वेगळे विचारले जातात, त्यामुळे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस रजा काढून त्याने ओव्हन, तराजू किंवा फिक्श्चर एकदा तरी स्वतःच्या हाताने वापरलेले असावे.