पिल्लासोबत ‘संपूर्ण देखभाल पॅकेज’ घेण्यापूर्वी हे वाचा : माझे ₹80,240 कसे गेले

कुत्रा विकणारा माणूसच त्याची वंशावळीची कागदपत्रे, लसीकरण, घरी येणारा डॉक्टर, ग्रूमिंग आणि आपण गावी गेलो तर बोर्डिंग असे सगळे एकाच व्यवहारात देऊ करत असेल, तर तो व्यवहार तिथेच थांबवावा. आमचा थांबला नाही. त्यात ₹80,240 गेले आणि पिल्लूही गेले. टोकन मागण्याची घाई, ‘संध्याकाळी दुसरी पार्टी येणार आहे’ ही बतावणी, उसन्या फोटोंच्या जाहिराती हे सगळे वाचकांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होते. फोटो पाहून अनोळखी खात्यावर पैसे पाठवणाऱ्यांपैकी मी नाही. मी विकणाऱ्याला प्रत्यक्ष भेटलो, पिल्लू हातात घेतले, कागद वाचले, पैसे टप्प्याटप्प्याने दिले, आणि एवढी काळजी घेऊनही फसवला गेलो, म्हणूनच हे लिहिणे भाग आहे.

आम्ही पुण्याच्या एका उपनगरात राहतो. मुलीची दहावीची परीक्षा संपल्यावर लॅब्राडोर आणायचा हे घरात ठरलेले होते. जाहिरातीत नेहमीचीच भाषा होती : ‘हेवी बोन, शो क्वालिटी, केसीआय पेपरसह’, म्हणजे जाड हाडांचे, स्पर्धेत उतरवण्याजोगे आणि कुत्र्यांच्या वंशावळीची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या (केसीआय) कागदांसह. पिल्लाची किंमत ₹28,000 ठरली. त्यातले ₹5,000 टोकन म्हणून यूपीआयने दिले, पिल्लू ताब्यात घेताना ₹11,000 पुन्हा यूपीआयने दिले आणि उरलेले ₹12,000 त्याने रोख मागितले, कारण म्हणे ‘फार्मवरच्या मजुरांना द्यायचे आहेत’. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या प्रमाणपत्राचे ₹6,000 वेगळे घेतले. मग त्याने ते पॅकेज पुढे केले : सहा महिने घरी येऊन लसीकरण व जंतनाशक, महिन्यातून दोनदा ग्रूमिंग, आणि वर्षभरात केव्हाही दहा दिवसांचे बोर्डिंग, सगळे मिळून ₹14,500. आमच्या घरात यापूर्वी कुत्रा नव्हता, परिसरातला एकही पशुवैद्य ओळखीचा नव्हता, आणि दिवाळीत गावी जाताना पिल्लू ठेवायचे कुठे हा प्रश्न आधीपासूनच डोक्यात होता. नवख्या माणसाला नेमके काय हवे असते हे त्या माणसाला आमच्यापेक्षा चांगले कळत होते.

पिल्लाची आई पाहायची आहे असे मी स्पष्ट सांगितले होते. ती फार्मवर आहे आणि बाहेरच्या माणसांच्या चपलांबरोबर रोग येतात म्हणून तिथे कोणाला नेत नाही, असे उत्तर मिळाले आणि व्हिडिओ कॉलवर एक फिकट रंगाची लॅब्राडोर मादी दाखवण्यात आली. उत्तर तर्कशुद्ध होते. पार्व्होचा, म्हणजे उलट्या आणि रक्ताचे जुलाब होऊन पिल्लांचा जीव घेणाऱ्या रोगाचा, विषाणू चपलांबरोबर खरोखरच येतो. एवढेच की, तो येऊ नये म्हणून नव्हे, तर तिथे आधीच आहे हे दिसू नये म्हणून आम्हाला दूर ठेवले जात होते.

आता ज्या क्षणाची आठवण अजूनही झोप उडवते, तो सांगतो. लसीकरणाचे कार्ड हाती आले. गुळगुळीत छपाई, पंजाचे चित्र, लसीच्या कुप्यांवरून काढून चिकटवलेले रंगीत स्टिकर, त्यांवर डॉक्टरांचा शिक्का आणि सही. पिल्लू त्या दिवशी 44 दिवसांचे होते. पहिल्या ओळीत पार्व्हो, डिस्टेंपर वगैरेंची एकत्रित लस आणि तिच्याखाली रेबीजची, दोन्ही एकाच तारखेच्या, पिल्लू 40 दिवसांचे असतानाच्या. मुलीने ते वाचले आणि तिथल्या तिथे विचारले, “बाबा, रेबीजची लस तीन महिन्यांनंतर देतात ना? शेजारच्या काकूंच्या कुत्र्याला तेव्हाच दिली होती.” तो माणूस जराही न अडखळता हसून म्हणाला, “ताई, ती जुनी पद्धत झाली. ही बाहेरच्या कंपनीची लस आहे, लवकर दिली की जन्मभर चिंता नाही.” कोणतीही रेबीजची लस दिली तरी ती पुढे ठरावीक काळाने पुन्हा द्यावीच लागते, त्यामुळे ‘जन्मभर’ या एका शब्दावरच त्याला पकडता आले असते. पण समोर शिक्का मारलेला कागद, सहीही डॉक्टरची, आणि विचारणारी पंधरा वर्षांची मुलगी. अशा वेळी कोणताही बाप कागदावर विश्वास ठेवेल, आणि जो म्हणतो ‘मी ठेवला नसता’, त्याने मांडीवर झोपलेले पिल्लू घेऊन तसे म्हणून दाखवावे.

त्या शिक्क्यावर डॉक्टरचे नाव होते, पदवी होती, नोंदणी क्रमांक मात्र नव्हता. राज्यात व्यवसाय करणाऱ्या पशुवैद्याची नोंदणी पशुवैद्यक परिषदेकडे असावी लागते आणि प्रमाणपत्रावर तो क्रमांक लिहिलेला असतो. कार्ड हातात घेतल्यावर सर्वांत आधी तो क्रमांक शोधा. स्टिकरांचे रंग नंतर पाहा.

आठवडाही झाला नव्हता तोच पिल्लाने दूध टाकले, मग उलट्या सुरू झाल्या. पॅकेज होतेच, म्हणून त्याच क्रमांकावर फोन केला आणि संध्याकाळी त्यांचा ‘डॉक्टर’ घरी आला. जागा बदलली की पोट बिघडतेच, असे सांगून त्याने एक इंजेक्शन दिले, जंताचे औषध पाजले आणि ताक-भात द्यायला सांगितला. दुसऱ्या दिवशी शी रक्ताची आणि असह्य दुर्गंधीची झाली, तेव्हाही फोनवर ‘जंत पडत आहेत, पडू द्या’ एवढेच उत्तर मिळाले. शेवटी सोसायटीतल्या एका बाईंनी सुचवलेल्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी चाचणीची पट्टी वापरून काही मिनिटांत पार्व्होचे निदान केले आणि पहिला प्रश्न विचारला, “इतका उशीर का केलात?” या रोगात पिल्लू मरते ते मुख्यतः शरीरातले पाणी संपल्याने आणि आतड्यांतून रक्तात शिरणाऱ्या जंतुसंसर्गाने, त्यामुळे सलाईन किती लवकर लागते यावर बरेच अवलंबून असते. तो वेळ आमच्याकडून त्या पॅकेजने विकत घेतला होता. दवाखान्याचे एकूण बिल ₹31,740 झाले, ते योग्यच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पिल्लू वाचले नाही.

त्याच डॉक्टरांनी मायक्रोचिप तपासण्याचे यंत्र पिल्लाच्या मानेपासून शेपटीपर्यंत फिरवले. चिप नव्हती. प्रमाणपत्रावर मात्र चिपचा क्रमांक छापलेला होता, आणि डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवले की खऱ्या क्रमांकात 15 अंक असतात, यात 14 आहेत. खोटेपणासाठी ₹6,000 घेऊन त्यातही एक अंक कमी द्यावा, हा निष्काळजीपणा मला त्या खोटेपणापेक्षाही अपमानास्पद वाटतो.

विकणाऱ्याला कळवल्यावर आधी आमच्यावरच ठपका आला : तुम्ही खाली फिरवले असेल, पाहुण्यांनी हात लावला असेल. मग उदारपणे त्याच जातीचे दुसरे पिल्लू देऊ केले, ‘फक्त ₹9,000 फरकाने’. ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेले आहे तिथे विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनाइलने तो मरत नाही, पातळ केलेले ब्लीच वापरावे लागते. लस पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू तिथे लगेच आणणे म्हणजे त्याचाही बळी देणे आहे. हे त्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. त्यानंतर क्रमांक बंद.

आता अधिकाऱ्यांविषयी, कारण खरा संताप तिथेच साचलेला आहे. पोलीस ठाण्यात सर्व चॅट, पैसे दिल्याच्या नोंदी, कार्ड आणि दवाखान्याचा अहवाल घेऊन गेलो. समोरच्या साहेबांनी ‘कुत्र्याचं आहे होय’ म्हणत शेजाऱ्याकडे पाहून स्मित केले आणि हे दिवाणी स्वरूपाचे प्रकरण असल्याचे सांगितले. खोटे प्रमाणपत्र दाखवून पैसे घेणे दिवाणी कसे, असे विचारल्यावर मुद्दा बदलला : पिल्लू जिथे ताब्यात घेतले ते ठिकाण दुसऱ्या हद्दीत येते. दुसऱ्या हद्दीत सांगण्यात आले की पैसे तुम्ही घरून पाठवले, तेव्हा पहिल्या हद्दीत जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापील कागदासह दाखवले, तर ‘एवढं माहीत आहे तर कोर्टात जा’ असा सल्ला मिळाला. पूर्वीचे 420 आता भारतीय न्याय संहितेत कलम 318 झाले आहे. आकडा बदलला, टेबलापलीकडची वृत्ती नाही. शेवटी अर्जाच्या प्रतीवर पोचचा शिक्का तेवढा मिळाला. तो शिक्का घेतल्याशिवाय कोणीही तिथून हलू नये.

बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवले आहेत. सायबर तक्रार घेणाऱ्यांनी सांगितले की तुम्ही आरोपीला प्रत्यक्ष भेटलात, म्हणून हे सायबर नाही. आणि ज्या कार्यालयात श्वानपैदास करणाऱ्यांच्या नोंदणीचे काम चालते, तिथले उत्तर तर मी शब्दशः लिहून ठेवले आहे : “त्यांची नोंदणीच नाही, म्हणजे ते आमच्या अखत्यारीत येत नाहीत.” 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार नोंदणीशिवाय कुत्र्यांची पैदास व विक्री करता येत नाही आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही, म्हणजे 44 दिवसांचे पिल्लू माझ्या हातात देणे हाच मुळात नियमभंग होता. नियम मोडणाऱ्याने नियमच पाळला नाही म्हणून तो सुटतो, हे तर्कशास्त्र त्या टेबलावर अत्यंत शांतपणे सांगितले गेले. क्रूरतेची तक्रार करा, असेही एकाने सुचवले. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे ₹10 ते ₹50. त्या माणसाने आमच्याकडून पिल्लाच्या गळ्यातल्या पट्ट्याचेही ₹250 लावले होते, ते नंतर ‘सवलत’ म्हणून सोडले.

कुत्रा आणायचा असेल तर आधी डॉक्टर निश्चित करा, मग पिल्लू पाहा. पैसे देण्यापूर्वी ते पिल्लू आपल्या डॉक्टरकडे नेऊ देत नसेल तो विकणारा सोडून द्या. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, तिथे लस मिळते का हे आधी विचारा. बोर्डिंगवाल्याने तुमच्याकडे लसीकरणाचा पुरावा मागितला नाही, तर इतरांकडेही मागितलेला नसतो हे समजावे, आणि कुत्रे प्रत्यक्ष जिथे झोपतात ती जागा पाहू दिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. सहा महिन्यांची सेवा एकरकमी विकत घेऊ नये. प्रत्येक भेटीला पैसे द्यावेत. आई पाहायला मिळत नसेल तर पिल्लू नको. फसवणूक पूर्णपणे ऑनलाइन झाली असेल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासात फोन करावा, दुसऱ्या दिवशी नव्हे.

माझी तक्रार आता जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे. मोबदला ₹5 लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. विरुद्ध पक्षाचा पत्ता खोटा निघाल्यामुळे पहिली नोटीस परत आली असून, यूपीआय ज्या खात्याला जोडलेले होते त्याच्या नावावरून दुसरी पाठवली आहे. मागणी ₹68,240 आणि मानसिक त्रासाची भरपाई अशी आहे. त्यात रोख दिलेले ₹12,000 नाहीत, कारण त्यांची पावती त्याने ‘उद्या पाठवतो’ म्हणून कधी दिलीच नाही.