वेगवान रेल्वे: मिनिटाला काय भाव?

वेगवान रेल्वेचं माहितीपत्रक उघडलं की सगळ्यात ठळक टायपात एकच आकडा असतो. ताशी ३००, ३२०, ३५०. या सेवेचं परीक्षण करताना तो आकडा आधी झाकून ठेवावा. प्रवासी वेग विकत घेत नाही, मिनिटं विकत घेतो. आणि वेग चढत जाईल तशी हाती येणारी मिनिटं आटत जातात.

१०० किलोमीटरचा हिशेब मांडून बघा. सरासरी ताशी ८०ने ७५ मिनिटं लागतात, १६०ने साडेसदतीस. म्हणजे निम्मा वेळ वाचला. १६०वरून २००वर गेलं की आणखी साडेसात मिनिटं. २००वरून ३००ला दहा. आणि ३००वरून ३५०ला? पुरती तीनही नाहीत. खर्च मात्र उलट्या दिशेने पळतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो कापायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात, म्हणून त्या शेवटच्या तीन मिनिटांसाठी हवा कापायची शक्ती सुमारे ५९ टक्के जास्त मोजावी लागते.

वळणांचं गणितही तसंच. बाहेरचा रूळ उंच ठेवून आणि प्रवाशाला खुपणार नाही इतकी बाजूची ओढ धरून ताशी १६०ला साधारण १,२०० मीटर त्रिज्येचं वळण चालतं. ३००ला ४,००० मीटर लागतात, ३५०ला साडेपाच हजारांच्या पुढे. त्रिज्या मोठी म्हणजे रेघ सरळ. रेघ सरळ म्हणजे टेकडी आली की बोगदा, दरी आली की पूल, वस्ती आली की घरं हलवायची. पैसा जातो तो इथे. गाड्या आणि रूळ त्यामानाने स्वस्त.

आता बाजारात काय काय मिळतं ते पाहू. सगळ्यात स्वस्त माल म्हणजे जुना मार्ग नीट करणं. याची जाहिरात कोणी करत नाही, कारण फीत कापायला काही नसतं. समजा १३०ने धावणाऱ्या मार्गावर एका किलोमीटरला २०ची वेगमर्यादा आहे: कमकुवत पूल, पावसाळ्यात खचणारा भराव, नाहीतर अवघड फाटक. २८ सेकंदांचं अंतर कापायला गाडीला तीन मिनिटं लागतात. ब्रेक लावण्यात आणि पुन्हा वेग घेण्यात जातं ते वेगळंच. ही अडीच मिनिटं वेग वाढवून भरून काढायची तर जवळजवळ ३० किलोमीटर मार्ग १३०चा १६० करावा लागेल. एका पुलाची दुरुस्ती विरुद्ध ३० किलोमीटरचे रूळ, सिग्नल आणि कुंपण.

स्टेशनातल्या सांध्यांकडे, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते त्या जागांकडे, तर कोणाचं लक्षच जात नाही. आखूड सांध्यावरून बाजूच्या मार्गाला वळताना ३०ची मर्यादा असेल, तर इंजिन पलीकडे गेलं म्हणून ड्रायव्हरला वेग वाढवता येत नाही; शेवटचा डबा सांध्यावरून उतरायला हवा. गाडी ४०० मीटरची असेल तर नुसती लांबी उतरायलाच ४८ सेकंद. लांब सांधे टाकून तीच मर्यादा ८० केली की हा वेळ १८ सेकंदांवर येतो. वाटेतल्या दहा स्टेशनांत असे सांधे बदलले तर पाच मिनिटं सुटतात, तीही एक गुंठा जमीन न घेता.

मधल्या प्रकारात स्वित्झर्लंडचा ‘बान २०००’ हा आमच्या मते आजवरचा सर्वात शहाणा सौदा. १९८७ साली सार्वमताने मंजूर झालेल्या या कार्यक्रमाचा मुख्य टप्पा १२ डिसेंबर २००४ला सुरू झाला. शक्य तितकं नाही, गरजेपुरतं वेगवान, असं त्यांचं सूत्र. मोठ्या स्टेशनांत सगळ्या दिशांच्या गाड्या तासाच्या ठोक्याला आणि अर्ध्या तासाला एकत्र यायच्या, प्रवाशांनी समोरच्या फलाटावर जायचं आणि सगळ्यांनी पुन्हा सुटायचं. मग बर्न-झुरिच अंतर तासाच्या थोडं आत बसणं भाग होतं. ६१ मिनिटं झाली तर जोडगाडी चुकली. ४५ झाली तर प्रवासी फलाटावर उभा. म्हणून माटश्टेटेन ते रोट्रिस्ट हा ४५ किलोमीटरचा नवा तुकडा ताशी २००साठी बांधला आणि बर्न-झुरिच ५६ मिनिटांवर आणलं. ३००ची गरजच नव्हती. पुढे कुठेतरी बदलगाडी पकडणाऱ्याची मात्र कधी अर्ध्या तासाची वाट वाचली.

या प्रकाराचा दोष एकच, पण नाजूक: वक्तशीरपणा. एक गाडी सात मिनिटं उशिरा आली की सगळी साखळी ओढली जाते. वेळेची शिस्त नसलेल्या रेल्वेने हा माल घेऊ नये.

जुना मार्ग सुधारणं नेहमी स्वस्तच पडतं असंही नाही. ब्रिटनच्या वेस्ट कोस्ट मुख्य मार्गाचं नूतनीकरण १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात २०० कोटी पौंडांच्या आसपासचा अंदाज घेऊन सुरू झालं आणि २००८पर्यंत ९०० कोटींच्या घरात पोचलं. ताशी २२५ किलोमीटर ठरले होते, मिळाले २००. एवढ्या गर्दीच्या मुख्य मार्गावर तोवर कुठेच न वापरलेली सिग्नल यंत्रणा गृहीत धरून कंत्राटं केली गेली आणि ती तयारच होऊ शकली नाही. शिवाय चालत्या मार्गावर काम म्हणजे रात्रीचे चार-पाच तास. त्यातला तासभर वीज बंद करण्यात आणि यंत्रं आणण्यात जातो, तेवढाच परत नेण्यात.

आता मोठा माल. पूर्ण नव्या वेगवान मार्गाची उत्तम प्रत अजूनही जपानची तोक्यो-ओसाका हीच. १ ऑक्टोबर १९६४ला सुरू झालेला ५१५ किलोमीटरचा तोकाइदो शिन्कान्सेन. अंदाज होता सुमारे २० हजार कोटी येनचा, खर्च झाला ३८ हजार कोटींचा. रेल्वेचे अध्यक्ष सोगो शिंजी आणि मुख्य अभियंता शिमा हिदेओ दोघांनाही उद्‌घाटनाआधीच पद सोडावं लागलं. तरी हा मार्ग पैसे फेडून वर नफा देतो. तो का, ते नीट पाहायला हवं, कारण जगभर नक्कल होते ती फक्त गाडीच्या नाकाची.

एका गाडीला १६ डबे, १,३२३ आसनं. गर्दीच्या तासाला नुसत्या नोझोमी, म्हणजे सर्वात वेगवान, गाड्याच १२ पर्यंत सुटू शकतात. तोक्योला गाडी लागते आणि थोड्याच मिनिटांत परत सुटते. त्यातली मोजकी मिनिटं सफाईची. तेवढ्यात आसनं फिरवून पुढच्या दिशेला करायची, ट्रे पुसायचे, केर काढायचा. ही मिनिटं दुप्पट झाली तर त्याच फलाटांवरून तेवढ्या गाड्या सोडताच येणार नाहीत. मार्ग पूर्ण वेगळा, फाटक एकही नाही, मालगाडी नाही, सगळ्या गाड्या जवळपास सारख्या वेगाच्या. क्षमता यातून येते. एकाच रुळावर १६०ची एक्सप्रेस, ११०ची पॅसेंजर आणि ७५ची मालगाडी चालवली की प्रत्येक वेगवान गाडीपुढे मोकळी जागा ठेवावी लागते आणि तासाला निम्म्या गाड्याही बसत नाहीत. म्हणून नव्या मार्गाचा पहिला लाभ पुष्कळदा जुन्या मार्गाला होतो: वेगवान गाड्या तिकडे गेल्या की लोकल आणि मालगाड्यांना जागा सुटते.

ही गोष्ट नीट न सांगितल्याची किंमत ब्रिटनने मोजली. ‘एचएस टू’ (हाय स्पीड टू) या लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या नव्या मार्गाची खरी गरज त्याच वेस्ट कोस्ट मार्गावरच्या कोंडीतून आली होती, पण नाव आणि प्रचार वेगाचा. मार्गाची आखणी ताशी ४००पर्यंतची धरली, म्हणजे वळणं जवळजवळ नाहीतच आणि वाटेत येईल ते ओलांडायचं. खर्च फुगत गेला, लीड्सकडची शाखा २०२१मध्ये छाटली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये बर्मिंगहॅम-मँचेस्टर टप्पाही रद्द झाला. कोंडी सोडवायला २५० पुरले असते, असं आमचं मत.

किंमत कशी खाली येते ते चीनकडून शिकावं. जाणारा आणि येणारा असे दोन्ही मार्ग पेलणारा ३२ मीटर लांबीचा पेटीसारखा काँक्रीट गर्डर, वजन जवळपास ९०० टन. मार्गालगतच्या आवारात साच्यातून एकामागून एक ओतायचे, आधीच बसवलेल्या गर्डरवरूनच पुढे न्यायचे आणि खांबांवर ठेवायचे. तेच माप, तोच साचा, तीच टोळी. जागतिक बँकेच्या २०१९च्या अभ्यासात तिथला सरासरी खर्च किलोमीटरला १ कोटी ७० लाख ते २ कोटी १० लाख डॉलर निघाला, इतर देशांच्या सुमारे दोन तृतीयांश. जमीन आणि मजुरीचा भाग आहेच, पण दर मार्गाला नवी रचना न करणं हा भाग कोणालाही उचलता येतो.

युरोपीय संघाच्या लेखापरीक्षकांनी २०१८ साली दहा वेगवान मार्ग तपासले. वाचलेल्या एका मिनिटामागे सरासरी ९ कोटी युरो. स्टुटगार्ट-म्युनिकला तर ३६ कोटी ९० लाख. त्याहून बोचरी गोष्ट म्हणजे मार्ग ज्या वेगासाठी बांधला त्याच्या सरासरी ४५ टक्क्यांनीच गाड्या धावत होत्या. एवढे पैसे ओतून वेग वापरायचाच नाही! कारण सोपं आहे. ३०० गाठायला गाडीला पाच-सहा मिनिटं आणि १५-२० किलोमीटर लागतात. थांबा ५० किलोमीटरवर असेल तर वेग गाठेपर्यंत उतरायची वेळ. प्रत्येक थांब्याचे सहा-सात मिनिटं धरावेत. वाटेतल्या प्रत्येक तालेवार गावाला थांबा दिला की मार्ग कागदावर ३००चा आणि घड्याळात १४०चा.

थांबा नाकारता येत नाही म्हणून मग मधला उपाय निघतो: गावाबाहेर माळावर स्टेशन. फ्रान्सचं ओत-पिकार्दी आम्यां आणि सां-कांतां या दोन शहरांच्या अधेमधे शेतात उभं आहे. लोक त्याला बीटाचं स्टेशन म्हणतात. गाडीत वाचलेली २५ मिनिटं स्टेशन गाठण्यात गेली तर प्रवाशाने नक्की काय घेतलं? पॅरिस-ल्यों मार्ग १९८१ साली सुरू झाला तेव्हा फ्रेंचांनीच याहून शहाणी युक्ती केली होती: उघड्या मुलखात नवे रूळ, शहरात शिरताना जुने. शहराखालच्या बोगद्यांचा खर्च वाचला आणि गाडी थेट मध्यवर्ती स्टेशनात लागली. वर ३.५ टक्क्यांपर्यंतचा चढ स्वीकारून त्या नव्या मार्गावर एकही बोगदा केला नाही. जुन्या आणि नव्या मार्गाचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) एकच असेल तरच हे जमतं. वेगळं असेल तर स्पेनसारखी गेज बदलणारी गाडी तरी घ्यावी लागते, नाहीतर शहरापर्यंत नवे रूळ.

प्रवासीसंख्येच्या अंदाजावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. मोठ्या प्रकल्पांचे अभ्यासक बेंट फ्लिव्हब्यर्ग यांच्या अभ्यासात रेल्वेप्रकल्पांचा खर्च सरासरी ४५ टक्क्यांनी वाढलेला आणि प्रवासी अंदाजाच्या निम्म्यावर आलेले दिसतात. लंडनहून समुद्राखालच्या बोगद्यातून पॅरिसला जाणाऱ्या युरोस्टारसाठी १९९५चा प्रवाशांचा अंदाज होता १ कोटी ६० लाखांच्या आसपास. आले ३० लाखांच्या आत. तैवानचा मार्ग २००७ साली खाजगी पैशातून सुरू झाला. तैपेई-काओशुंग दीड तासात, सेवा उत्तम, पण अंदाजाइतके प्रवासी नाहीत. व्याज आणि घसाऱ्याने कंपनी घायकुतीला आली आणि २०१५मध्ये मार्ग चालवण्याच्या कराराची मुदत ३५ वर्षांची ७० करून तिला सावरावं लागलं. गाडी चांगली चालणं आणि कर्ज फिटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवालात प्रवासी निम्मे आणि खर्च दीडपट धरून हिशेब पुन्हा करावा. तरी प्रकल्प टिकला तर पुढे बोलावं.

दारापासून दारापर्यंतच्या वेळेत विमानाला हरवायचं तर गाडीचा प्रवास तीन तासांच्या आत हवा. हा टप्पा ओलांडणारी मिनिटं सोन्याच्या भावाची: साडेतीनचे अडीच तास झाले की विमानाचं गिऱ्हाईक फुटतं. दीडचा सव्वा तास झाल्याने तसं काही होत नाही, तो प्रवासी आधीच गाडीत असतो. पर्यावरणाचा दावाही यावरच उभा आहे. काँक्रीट आणि पोलादाचा धूर आधीच हवेत गेलेला असतो. तो भरून निघतो फक्त विमानातून आणि मोटारींतून उतरलेल्या माणसांमुळे.

तिकिटाबद्दल थोडक्यात: एकाच मार्गावर दोन-तीन कंपन्यांना गाड्या चालवू दिल्या की दर उतरतात. माद्रिद-बार्सिलोनावर २०२१पासून तेच झालं.

सुरक्षेत काटकसर कुठे होते ते मात्र बारकाईने बघावं. २०१३ साली स्पेनमध्ये सांतियागो दे कोंपोस्तेलाजवळ ८०च्या वळणावर गाडी १८०च्या आसपास वेगाने शिरली आणि सुमारे ८० माणसं गेली. वेगावर सतत नजर ठेवणारी यंत्रणा मार्गाच्या मोठ्या भागावर होती, त्या वळणावर नव्हती. जर्मनीत एशेडला १९९८ साली चाकाची पोलादी धाव (बाहेरचं कडं) तुटली आणि १०१ बळी गेले. डबे थरथरू नयेत म्हणून धाव आणि चाकाच्या मध्ये रबर घातलं होतं.

देखभाल हा कायमचा हप्ता. ३००च्या आसपास गाडीखालच्या वाऱ्याने खडीचे दगड उडून तळावर बसतात, म्हणून खडी स्लीपरच्या माथ्यापेक्षा काही सेंटिमीटर खाली ठेवतात, नाहीतर खडीऐवजी काँक्रीटची पाटी घालतात. पाटी महाग पडते, देखभाल कमी मागते, पण खालचा भराव खचला तर ती सरळ करणं जिकिरीचं. रूळ घासायचे, वरच्या विजेच्या वायरीची जाडी मोजायची, सांधे तपासायचे. जपानमध्ये यासाठी मध्यरात्र ते सकाळी सहा शिन्कान्सेन बंद असते, रोज. ते सहा तास रात्रीच्या गाडीलाही देता येत नाहीत आणि मालगाडीलाही नाहीत. प्रकल्प अहवालात चोवीस तासांची क्षमता दाखवली असेल तर ते पान परत पाठवावं.