बी२०मध्ये काय घालावं: सिरियम, अल्युमिना, नॅनोट्यूब की काहीच नको?

बी२० म्हणजे २० टक्के बायोडिझेल मिसळलेलं डिझेल. ते नीट जळावं म्हणून त्यात नॅनोकणांची पूड, म्हणजे ॲडिटिव्ह, घालायचे प्रयोग होतात. आधी एक हिशोब. ५० पीपीएम म्हणजे किलोभर इंधनात ५० मिलिग्रॅम पूड. ऐकायला नगण्य. पण ४० किलो इंधनाच्या टाकीत ती दोन ग्रॅम होते, आणि धातूचा ऑक्साइड असेल तर त्यातलं काही जळून जात नाही. युरोपच्या ईएन ५९० मानकात डिझेलमधल्या राखेची मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्के आहे, म्हणजे १०० पीपीएम. प्रयोगांत सर्रास दिसणारा १०० पीपीएमचा डोस एकटाच ती मर्यादा खाऊन टाकतो. म्हणून धुराच्या आलेखाआधी मी राखेकडे बघतो.

बायोडिझेलमध्ये वजनाने १० ते ११ टक्के ऑक्सिजन मुळातच असतो, त्यामुळे काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड तसेही घटतात. अडतं ते दोन ठिकाणी: उष्मांक डिझेलपेक्षा १२ टक्क्यांच्या आसपास कमी, आणि नॉक्स (धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड) बहुधा किंचित जास्त. ॲडिटिव्हने ही उणीव भरून काढावी, एवढीच अपेक्षा.

सिरियम ऑक्साइडचं काम तिघांत सगळ्यात स्पष्ट आहे. इंधन जास्त असेल तिथे ते ऑक्सिजन सोडतं, हवा जास्त असेल तिथे परत घेतं. खरा फायदा मात्र सिलिंडरपेक्षा पुढे, एक्झॉस्टमध्ये. एरवी ५५० ते ६०० अंशांना पेटणारी काजळी ४५० अंशांच्या आसपास जळू लागते. पूजोने २००० साली ६०७ गाडीत पार्टिक्युलेट फिल्टर (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारी गाळणी) आणला तो सिरियमयुक्त ॲडिटिव्हच्याच जोरावर. पण तिथे वेगळी छोटी टाकी होती, डोस गाडी स्वतः मोजून देत होती, आणि तरीही साचलेल्या राखेपायी सुरुवातीला ८०,००० किलोमीटरला फिल्टर काढून साफ करावा लागे. पुडी आणून टाकीत ओतणं हा वेगळाच प्रकार.

अल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, स्वस्त आणि सहज मिळणारी. उष्णता चांगली वाहून नेते, प्रज्वलनाचा विलंब कमी करते असं बऱ्याच चाचण्यांत दिसतं; नॉक्सचे निकाल मात्र दोन्ही बाजूंना जातात. माझी तक्रार वेगळी आहे: हाच पदार्थ सँडपेपरवर लावतात. कॉमन रेलच्या (उच्च दाबाने इंधन फवारणाऱ्या यंत्रणेच्या) पंपात आणि नोझलमध्ये तो फिरवायला माझं मन धजत नाही. एकदा शुक्रवारी केलेलं मिश्रण सोमवारी तसंच वापरलं. इंजिन लोड घेईना. इंधनाचा फिल्टर उघडला तर कागदाच्या घड्यांत पांढरा राप बसलेला. कण ४० नॅनोमीटरचे असले म्हणून काय, गुठळ्या झाल्या की ते नॅनो राहत नाहीत.

कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, जळून जातात, ही त्यांची जमेची बाजू; राख उरली तर बनवताना राहिलेल्या लोह-निकेलची. पण त्या एकमेकींत इतक्या गुंततात की अल्ट्रासॉनिकेटर (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं यंत्र) आणि सर्फॅक्टंट (कण सुटे ठेवणारं रसायन) दोन्ही वापरूनही तळाशी काळा थर दिसतोच. शिवाय काही प्रकारच्या लांब, ताठ नळ्या फुप्फुसात ॲस्बेस्टॉससारख्या वागतात. वजन करताना मास्क आणि फ्यूम हूड (हवा ओढून घेणारं प्रयोगशाळेतलं कपाट) हवाच.

या विषयावरचे शोधनिबंध वाचताना एक गोष्ट तपासा: तुलना कशाशी केली आहे? पुष्कळदा नॅनोकण आणि सर्फॅक्टंट घातलेलं बी२० नुसत्या बी२०शी ताडतात. मग फरक कणांचा की सर्फॅक्टंटचा, हे कळणार कसं? कार्यक्षमतेतली एक-दीड टक्क्याची वाढ तर एका सिलिंडरच्या टेस्ट रिगवर मोजमापाच्या चुकीतही सहज लपते.

प्रकल्प करायचा असेल तर सिरियम घ्या, २५ आणि ५० पीपीएम, आणि फक्त सर्फॅक्टंट घातलेलं बी२० तिसरा नमुना म्हणून ठेवा. मिश्रण त्याच दिवशी वापरा. रस्त्यावरच्या किंवा रोज चालणाऱ्या इंजिनात मी यातलं काहीच घालणार नाही. तोच वेळ इंजेक्शन टायमिंग तपासण्यात आणि फिल्टर वेळेवर बदलण्यात घालवेन.