जुन्या मोटारसायकलसाठी मॉसफेट रेग्युलेटर-रेक्टिफायर: युनिट उत्तम, कनेक्टर फालतू

वेगळा रेक्टिफायर (एसी करंटचा डीसी करणारा) आणि वेगळा रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा) काढून त्या जागी बसणारं हे १२ व्होल्टचं एकत्रित युनिट. आत मॉसफेट हे इलेक्ट्रॉनिक स्विच आहेत, त्यामुळे जुन्या थायरिस्टर स्विचवाल्यापेक्षा बरंच कमी तापतं. आहे मात्र शंटच (जादा करंट शॉर्ट करून परत वळवणारं), म्हणजे स्टेटरवरचा (वीज बनवणाऱ्या आल्टरनेटरच्या स्थिर कॉइलवरचा) ताण तेवढाच राहतो.

आधी आल्टरनेटर बघा. कायमचुंबकी, तीन वायरींचा असेल तरच हे चालेल. चुंबकाऐवजी फील्ड कॉइल (विद्युतचुंबक) असलेल्याला वेगळा रेग्युलेटर लागतो. गाडी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचा प्लस फ्रेमला जोडलेली) असेल तर हे युनिट घेऊच नका, उलट जोडणीत डायोड क्षणात उडतात.

स्टेटरच्या तीन वायरी कशाही क्रमाने जोडा. पण मल्टीमीटरवर एखादी बॉडीशी कंटिन्युइटी (जोडलेली असल्याचं) दाखवत असेल तर स्टेटरच गेलाय, नवं युनिट लावून उपयोग शून्य.

सोबतच्या कनेक्टरच्या पिना सैल आहेत. तिथेच उष्णता साठते, आधी प्लास्टिक तपकिरी पडतं, मग वितळतं. तो कापून टाका आणि जाड पिना नीट क्रिंप करा. प्लसची वायर २० अँपिअरच्या फ्यूजमधून बॅटरीला, अर्थची वायर थेट बॅटरीला. रंगवलेल्या फ्रेमवर भरवसा नको. ४,००० आरपीएमला बॅटरीवर १४.२ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. १५ च्या वर गेलं तर बॅटरीचं पाणी उडायला लागतं.