‘नसणं’ कुठून वाचायला घ्यावं: सार्त्रपासून की लाओ त्झूपासून?

फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र आणि प्राचीन चिनी विचारवंत लाओ त्झू: दोन्ही वाटांवर ‘नसणं’ हाच शब्द भेटतो, पण मामला एक नाही.

ग्रीकमध्ये ‘आहे’ला दोन कामं असतात: वस्तू काय आहे ते सांगणं (‘हे मडकं आहे’) आणि ती असल्याचं सांगणं (‘पाणी आहे’). ही दोन्ही सहज एकमेकांत मिसळतात. मराठीतही तेच. म्हणूनच इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ पार्मेनिडीस ठणकावतो, की जे नाही त्याचा विचारच होऊ शकत नाही. या कोंडीतून सुटायला प्लेटोला ‘सोफिस्ट’ संवादात बरीच खटपट करावी लागली: ‘घोडा नाही’ म्हणजे निव्वळ अभाव नव्हे, घोड्याहून वेगळं काहीतरी. सार्त्र १९४३च्या ‘बीइंग अँड नथिंगनेस’मध्ये थेट कॅफेत नेतो. त्याला चार वाजता पिएरला भेटायचंय, स्वतःलाच पाव तास उशीर झालाय आणि पिएर दिसत नाही. तसा ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनही तिथे नाही, पण त्याची वाट कोण पाहतंय? पिएरचं नसणं मात्र सगळ्या कॅफेवर पसरतं. हे नसणं माणसाच्या अपेक्षेतून येतं आणि सलतं.

चिनी ‘यौ’ आणि ‘वू’ यांचा अर्थ साधा: (अमुक ठिकाणी) आहे, नाही. मडक्यात पाणी यौ किंवा वू. ‘हे मडकं आहे’ म्हणायला जुन्या चिनीत वेगळी रचना होती, त्यामुळे ‘वू’ उच्चारताना पार्मेनिडीसची अडचण येतच नाही. लाओ त्झूच्या नावावरच्या ‘ताओ ते चिंग’च्या ११व्या प्रकरणात तीस आरे एका तुंब्यात येतात, पण गाडी चालते ती तुंब्याच्या मधल्या भोकामुळे. तिथेच आस बसतो. हे नसणं सलत नाही, कामाला येतं.

४०वं प्रकरण मात्र जपून वाचा. रूढ पाठात सगळ्या वस्तू यौतून जन्मतात आणि यौ वूतून. भाष्यकार वांग बी (२२६–२४९) याने वूला सगळ्याचं मूळ मानलं. १९९३ मध्ये चीनमधल्या क्वोत्येनच्या थडग्यात सापडलेल्या बांबूपट्ट्यांवरच्या जुन्या पाठात मात्र दुसरा ‘यौ’ नाही: वस्तू यौतून जन्मतात, वूतूनही. एक अक्षर गेलं आणि उतरंडच मोडली! लेखनिकाच्या हातून ते गळलं असावं, असंही काही अभ्यासक मानतात. नंतरचा चिनी भाष्यकार क्वो श्यांग (मृत्यू ३१२) तर म्हणतोच, की वू काही निर्माण करू शकत नाही. वस्तू आपोआप होतात.

आपल्याकडची हमखास चूक म्हणजे वूला ‘शून्य’ म्हणणं. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या शून्यतेसाठी चिनीत ‘खोंग’ हा वेगळा शब्द आहे. ‘असत्’ लिहिलं की नासदीय सूक्त डोक्यात घुमतं, तेही इथे नको. साधं ‘नसणं’ पुरे.

‘काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे?’ हा जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिझचा १७१४चा प्रश्न छळत असेल, तर पाश्चात्त्य वाट धरा. सुरुवातीला सार्त्रच्या जाडजूड ग्रंथातला कॅफेचा भाग पुरतो, जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर नंतर. रिकामेपण काम कसं करतं हे पाहायचं असेल, तर लाओ त्झूची १, २, ११ आणि ४० ही प्रकरणं घ्या. ती छोटी आहेत, तासाभरात होतात. दोन अनुवाद शेजारी ठेवा आणि ४०व्या प्रकरणात यौ-वूसाठी कोणते शब्द योजलेत ते आधी ताडून बघा. क्वो श्यांग त्यानंतर.