नऊ महिने वापरलेलं ओकेआर सॉफ्टवेअर: पहिल्याच दिवशी ९३ टक्के कसे?

उद्दिष्टं ठरवून मोजण्याचं हे सॉफ्टवेअर आम्ही नऊ महिन्यांपूर्वी घेतलं. त्याचं नाव लिहीत नाही. जे सांगणार आहे ते तुमच्याकडच्या सॉफ्टवेअरमध्येही असू शकतं, आणि तुम्ही ते आजच उघडून तपासावं म्हणून हा खटाटोप. ओकेआर म्हणजे एक उद्दिष्ट आणि ते किती गाठलं हे सांगणारे मोजके आकडे; त्यांचा तिमाही आढावा कसा घेतात, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. आम्ही चौदा जण आहोत, यंत्रांचे सुटे भाग बनवून पाठवतो.

पहिलं उद्दिष्ट अगदी सरळ होतं. वेळेत पोचणाऱ्या ऑर्डरींचं प्रमाण ८८ टक्के होतं, ते तीन महिन्यांत ९५ वर न्यायचं. आत्ताचा आकडा टाकला, टार्गेट टाकलं, सेव्ह केलं आणि समोर हिरवीगार पट्टी आली: ९३ टक्के पूर्ण. आम्ही तोवर काहीच केलेलं नव्हतं. तेव्हाच खटकलं होतं, पण नवीन आहे, हळूहळू कळेल, म्हणून सोडून दिलं. सात आठवडे सोडून दिलं.

सातव्या आठवड्यात दुसरं उद्दिष्ट घातलं. परत येणारा माल ६ टक्के होता, तो ३ वर आणायचा. सेव्ह करताच पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले आणि अभिनंदन झालं: २०० टक्के! मग मात्र कागद-पेन घेऊन बसले. ६ भागिले ३, दोनशे टक्के. ८८ भागिले ९५, त्र्याण्णव टक्के. हे सॉफ्टवेअर आत्ताच्या आकड्याला टार्गेटने भागतं आणि मोकळं होतं. आपण निघालो कुठून, हे त्याच्या हिशेबातच नाही. आम्ही राबून परत येणारा माल साडेचार टक्क्यांवर आणला असता, तर पट्टी २०० वरून १५० वर घसरली असती. काम सुधारतंय आणि पट्टी उतरतेय.

खरा हिशेब असा हवा: आत्ताचा आकडा वजा सुरुवातीचा आकडा, आणि त्याला टार्गेट वजा सुरुवातीचा आकडा याने भागायचं. उद्दिष्ट वाढवण्याचं असो की कमी करण्याचं, हे सूत्र दोन्हीकडे चालतं. साडेचार टक्क्यांना ते बरोबर ५० टक्के दाखवतं.

ही बारीकसारीक बाब आहे असं कुणाला वाटेल. मला नाही वाटत. पट्टी हिरवी कधी होते ते बघा: सत्तरच्या पुढे. हा सत्तरचा आकडा येतो गूगलच्या पद्धतीतून. अँडी ग्रोव्ह यांनी इंटेलमध्ये ओकेआर बसवलं, तिथे त्यांच्या हाताखाली काम केलेले जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये ते गूगलला नेलं. गूगलमध्ये उद्दिष्टं मुद्दाम आवाक्याबाहेरची ठेवतात, त्यामुळे शेवटी १ पैकी ०.६ ते ०.७ गुण मिळाले तरी काम चांगलं झालं असं मानतात. ती सवलत अवघड उद्दिष्टासाठी आहे, आणि ती धरते मोजणी निघाल्या जागेपासून केली तरच. इथे सवलत तेवढी उचलली आणि मोजणी शून्यापासून केली. परिणाम असा की ज्या धंद्याचा आकडा मुळातच बरा आहे, तो पहिल्या दिवशीच हिरवा. माझी माणसं सात आठवडे त्या हिरव्या पट्टीकडे बघून निर्धास्त होती, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

सपोर्टला लिहिलं. पहिलं उत्तर: सगळं ठरल्याप्रमाणे चालू आहे. दुसरं उत्तर: तुमची सूचना संबंधितांकडे पाठवली आहे. अकराव्या दिवशी तिसऱ्याच कुणीतरी सांगितलं की, सुरुवातीचा आकडा टाकायची सोय आहे. उद्दिष्टाच्या पानावर अगदी खाली 'आणखी पर्याय' उघडायचं, तिथे एक रिकामा चौकोन असतो. तो भरणं सक्तीचं नाही, आणि रिकामा ठेवला की शून्य धरतात. बरं, आता तरी भरते म्हटलं, तर एकदा नोंद झालेल्या उद्दिष्टात तो चौकोन कुलूपबंद! उद्दिष्ट काढून टाकून नव्याने करा म्हणाले. म्हणजे सात आठवड्यांच्या नोंदी आणि त्यांखालचे शेरे पुसायचे. आधी ते सगळे शेरे हाताने उतरवून घेतले, मग काढलं. दोन संध्याकाळी गेल्या.

तिमाही संपली तेव्हा ४६ पैकी ४२ ऑर्डरी वेळेत होत्या, ९१.३ टक्के. जुन्या हिशेबाने पट्टी ९६ वर गेली असती. सुरुवातीचा आकडा धरून आले ४७ टक्के.

इथवर माझा सगळा राग सॉफ्टवेअरवर होता आणि एक तारा देऊन मोकळं व्हायचं मनात होतं. पण त्याच सुमारास एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला: 'तुमचा माल हल्ली नेहमी उशिरा येतो.' आमच्या नोंदीत त्यांच्या चारही ऑर्डरी वेळेत होत्या. म्हणून त्या ४६ ऑर्डरींचे कागद काढले आणि डिस्पॅच बघणाऱ्या सहकाऱ्यासोबत एकेक तारीख लावत बसले. आठ ऑर्डरींवर कबूल केलेली तारीख खोडून पुढची लिहिलेली होती. विचारलं तर तो अगदी सरळपणे म्हणाला, 'ताई, मी आधीच फोन करून सांगितलं होतं, तेही बरं म्हणाले. मग उशीर कसला?'

तो खोटं वागत नव्हता. 'वेळेत' म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत, हे आम्हीच कुठे लिहिलेलं नव्हतं. पहिली तारीख धरून मोजलं तर ४६ पैकी ३४. म्हणजे ७४ टक्के. ज्या ८८ वरून आम्ही निघालो असं मी सपोर्टला ठासून लिहीत होते, तो आकडाही असाच आलेला. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पतधोरणाबद्दल जे मांडलं, ते पुढे सगळ्याच मोजमापांना लागू केलं गेलं: मापालाच टार्गेट केलं की ते माप म्हणून भरवशाचं राहत नाही. आमच्याकडे ते आठ खाडाखोडींच्या रूपात समोर पडलेलं होतं. सुरुवातीच्या आकड्याचा चौकोन सक्तीचा असता, तर तो भरताना 'हा आकडा आला कुठून' हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडला असता असं माझं मत आहे, आणि त्या चौकोनावरचा माझा राग उलट वाढला.

आता जे आवडलं ते. दर सोमवारी सकाळी सॉफ्टवेअर आठवण करतं: आकडा भरा, उद्दिष्ट गाठण्याचा विश्वास १ ते १० मध्ये किती ते सांगा, आणि एक ओळ लिहा. त्या एका ओळीने आमचं जेवढं भलं केलं तेवढं एकाही आलेखाने केलं नाही. हाताने उतरवलेले शेरे वाचताना दिसलं की पाच आठवड्यांत तीनदा एकच गोष्ट लिहिली आहे: 'खोकी संपली, माल तयार पण पॅकिंग अडलं.' उशीर झालेल्या १२ ऑर्डरींपैकी ५ नुसत्या खोक्यांपायी अडल्या होत्या. आम्ही यंत्राचा वेग वाढवायच्या चर्चा करत होतो! आता खोक्यांच्या ढिगावर पन्नासाव्या खोक्याशी लाल पट्टी बांधलेली आहे. ढीग तिथवर उतरला की जो बघेल त्याने नवीन खोकी मागवायची.

एका उद्दिष्टाला चार-चार जबाबदार माणसं लावता येतात, ते मात्र टाळा. चांगलं उद्दिष्ट कसं असावं हे सांगणारी स्मार्ट (SMART) ही पाच अक्षरं जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये मांडली, तेव्हा त्यातलं 'ए' म्हणजे काम नेमकं कुणाकडे आहे हे सांगता येणं, असं होतं. आमच्याकडे जिथे दोन नावं होती तिथे सोमवारची ओळ रिकामी राहिली.

वर्गणीचं म्हणाल तर दर माणशी आहे आणि किमान दहा जणांची भरावी लागते. आमच्यातले रोज उघडणारे तिघं. सात जणांचे पैसे मी नऊ महिने फुकट भरले आहेत, हे मला सहन होत नाही. पुढच्या वर्षासाठी नूतनीकरण करणार नाही. स्प्रेडशीट केली आहे: सुरुवात, आत्ता, टार्गेट, वरचं सूत्र, एक नाव, एक ओळ. पहिल्या तारखेचा रकाना कुलूपबंद आहे आणि बदललेल्या तारखेला वेगळा रकाना. सोमवारची आठवण फोनच्या कॅलेंडरमध्ये लावली.

दुसऱ्या तिमाहीपासून नवं उद्दिष्ट आहे, ७४ वरून ९०, पहिल्या तारखेनुसार. ती तिमाही ८१ वर संपली, म्हणजे ४४ टक्के काम. या तिमाहीअखेर ८६ आहे, ७५ टक्के. त्या जुन्या गिऱ्हाइकाच्या यावेळच्या तीन ऑर्डरींपैकी दोन ठरल्या दिवशी पोचल्या, तिसरी दोन दिवस उशिरा गेली आणि तशीच नोंदली आहे.